तोकुजींची पहिली धडक

"वेगाचं सोडा हो. पुढचा आस मोडला तर सुटा मिळतो का, तेवढं सांगा," तोकुजी म्हणाले.

मॉडेलच्या दुकानातल्या मुरामात्सुबाईंनी काउंटरवर रिमोटच्या दोन गाड्या मांडल्या होत्या, नवशिक्यांसाठीच्या आणि स्वस्तातल्या. लाल गाडी सुसाट पळायची, पण मोडली की फेकायची. निळी संथ होती, पण तिचा स्क्रू न् स्क्रू सुटा मिळायचा.

"बाबा, लाल घ्या ना, जरा ऐट दिसेल!" मुलगी चिझुरू म्हणाली.

"शिकाऊ माणसाला ऐट कसली? निळी द्या."

शिझुओकाच्या रस्त्यांवर त्यांनी एक्केचाळीस वर्षं टॅक्सी चालवली, पण गाडीला कधी ओरखडा उठू दिला नाही. आज सकाळीच त्यांनी आपला परवाना पोलिसांकडे आपणहून परत केला होता. वय अठ्ठ्याहत्तर. कुणी काढून घेण्याआधी आपणच द्यावा, एवढी मिजास त्यांच्यात होतीच. पण परवाना गेला म्हणजे आपल्यातला ड्रायव्हरही गेला, हे काही त्यांच्या गळी उतरत नव्हतं. म्हणून घरी जाताना ते चिझुरूला घेऊन मध्येच या दुकानापाशी बसमधून उतरले होते.

दुकानामागच्या ट्रॅकवर निळी गाडी झकास निघाली. वळण घेऊन ती त्यांच्याकडे येऊ लागली. त्यांनी डावीकडे वळवली आणि ती उजवीकडच्या फळीवर धाडकन आदळली.

"झालं उद्घाटन!" चिझुरू हसली आणि बापाचा चेहरा बघून तिने हसू आवरलं.

"समोरून येताना डावं-उजवं उलटतं, आजोबा. सगळ्यांचंच होतं असं," मुरामात्सुबाई म्हणाल्या.

"एक्केचाळीस वर्षांतली पहिली धडक आहे ही, बाई."

तोकुजींनी खिशातून टॅक्सीवरचे पांढरे हातमोजे काढून चढवले. टॅक्सी काढण्याआधी रोज करायचे तसं, कठड्याशी ताठ उभं राहून, बोट रोखत ते खणखणीत आवाजात म्हणाले, "उजवीकडे ठीक! डावीकडे ठीक! मागे ठीक!" मागे कुणीतरी खुदकन हसलं. हसू दे. मनाने ते केव्हाच त्या वीतभर गाडीत जाऊन बसले होते. आता डावं ते डावंच.

गाडी कुठेही न घासता फेरी पुरी करून पांढऱ्या रेषेवर अलगद थांबली.

त्यासरशी तोकुजींचा उजवा हात रिमोट सोडून खाली गेला आणि सीटजवळची कळ शोधू लागला. टॅक्सीत प्रवाशाचं दार ते बसल्या जागेवरून त्याच कळीने उघडायचे.

चिझुरूने ते पाहिलं. ती पुढे आली आणि टॅक्सीतून उतरलेल्या प्रवाशासारखी कमरेत वाकली.

"सुखरूप पोचवलंत."

"पुन्हा बसा," तोकुजी म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या फेरीसाठी गाडी काढली.