खडूची फुली

रेकॉर्डच्या कारखान्यात तिला सगळे कानवाली म्हणत. नव्या साच्यातून निघालेली पहिली रेकॉर्ड ऐकायची आणि खोट सापडली तर खडूने फुली मारायची, हे तिचं काम. गाणं ऐकायचंच नाही, फक्त खरखर नि टकटक. लोकांना वाटे, काय मजेची नोकरी! मजा कसली डोंबलाची. मिठाईच्या दुकानात बसून माश्या मोजायच्या.

नवरा गाणाऱ्यांच्या मागे, शेवटच्या रांगेत व्हायोलिन वाजवायचा. हिवाळ्यात एक ध्वनिमुद्रण आटपून आला तो खोकत अंथरुणालाच खिळला, आणि गेला. तेव्हापासून घर तिला खायला उठे.

त्या दुपारी चाचणीची रेकॉर्ड आली, नेहमीसारखी कोऱ्या लेबलाची. गाणं संपता संपता मागे कुणीतरी खोकलं. तिचा हात सवयीने उठला आणि फुली मारून मोकळा झाला. वरच्यांनी तो साचा मोडीत काढला. त्याच गाण्याचं दुसरं ध्वनिमुद्रण होतं, ते छापायला घेतलं.

संध्याकाळी ती एकटीचं ताट विसळत होती, तेव्हा भिंतीपलीकडे शेजारी खोकला. चांगला दणदणीत. तिला वाटलं, लोक असे खोकतात. आधीचा गिळायचा आणि मग नाइलाजाने दुसरा सोडायचा, ही तऱ्हा फक्त नवऱ्याची. तिची झोप मोडू नये म्हणून. ताट तिच्या हातातच राहिलं. दुपारचा खोकला अगदी तसाच होता.

सकाळी ती धावतपळत भरडणाऱ्याकडे गेली. बाद रेकॉर्डी भरडून तोच माल पुन्हा वापरत. लेबलाचा कागद त्यात जाऊ नये म्हणून मधला गोल आधीच कापून टाकत.

"दादा, कालची फुलीवाली कुठाय?"

"ही काय. पण ताई, मधलं कापलं की मी. आता धड बसायची नाही. वाजवलीस तरी डुगडुगेल, सुरांची पार वाट लागेल."

"लागू दे. दे इकडे."

घरी ग्रामोफोनवर ठेवून तिने ती बोटांनी चाचपत मध्यावर आणली. तरी डुगडुगलीच. गाणाऱ्या बाईंचा गळा झोकांड्या खात निघाला. एरवी कानवालीने एक सोडून दोन फुल्या मारल्या असत्या. आता ती श्वास रोखून बसली.

आधी गिळलेला, मग सुटलेला. खोकल्याला कुठला आलाय सूर; त्याचं काहीच बिघडलं नव्हतं.

तिने सुई उचलून मागे नेली. डोळ्यांना पदर लावत रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली, "खोका हो मोकळेपणाने. मी जागीच आहे."