गुडगुडीच्या पोटातलं काळं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची गुडगुडी आहे, तंबाखू ओढायची. फिरोजाबादच्या भट्टीत मला फुंकताना कारागिराला शिंक आली, म्हणून माझं पोट डावीकडे जरा जास्तच सुटलंय. ती शिंक आग्र्यापर्यंत ऐकू गेली म्हणे. खोटं वाटत असेल तर माझ्या पोटाकडे बघा.

बऱ्हाणपूरच्या बाजारातून मला लीलाधर पाटलांनी घरी आणलं. त्यांच्या केळीच्या बागा होत्या. संध्याकाळी ओसरीवर त्यांनी माझी नळी ओढली की तापीकाठचे बगळे दचकून उडत, ते थेट इच्छापूरला उतरत! "काय रुबाब आहे," असं येणारा-जाणारा म्हणे आणि मी फुगून जाई. पण माझी निळी काच आधी पिवळी पडली, मग तपकिरी, मग काळी. आत काय साठतंय, मला काही केल्या कळेना. तिकडे पाटलांचा खोकलाही माझ्यासारखाच गुडगुडू लागला.

तेव्हा गावोगाव संस्थानं विलीन झाल्याच्या बातम्या येत. पाटलांची बायको धुरपदाबाई त्यांना टोमणा मारी, "राजे-नवाबांनी सह्या केल्या, हो! आपल्या घरचं हे काचेचं संस्थान काहून बाकी राहिलं? सोडा ना आता. रात्रभर तुमची छाती वाजते, मला डोळा लागत नाही."

"धूर तर वर जातो," पाटील खोकत खोकत म्हणत. "आत काय राहते?"

एकदा पाटील बागेत गेल्यावर बाईंनी मला उचललं. थंड काचेत कढत पाणी घातलं तर ती तडकते, म्हणून कोमट पाणी घेतलं. त्यात मूठभर तांदूळ, मीठ आणि केळीच्या खोडाची राख घातली आणि मला असं हलवलं, की तांदूळ पोटात फुगड्या घालू लागले. नळीतून केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, दोर ओढला. भसकन काळं, चिकट पाणी बाहेर आलं.

"अगं बाई! एवढं होतं आत?"

बाईंइतकीच मीही चकित झाले. वासामुळे ते पाणी मोरीत ओतवेना, म्हणून त्यांनी परसातल्या वालाच्या वेलावर भिरकावलं. त्या वेलावर माव्याची कीड पडली होती आणि राख टाकून टाकून पाटील थकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील परसातून ओरडले, "अगं ए, सगळा मावा मेला! काय घातलंस तू?"

"ओळखा."

"लिंबाचा पाला उकळून?"

"नाही."

"गोमूत्र?"

"नाही हो. तुमच्या गुडगुडीचं धुवण."

पाटील वाकले. मेलेला मावा त्यांनी नखावर घेतला, उन्हात धरून बराच वेळ पाहिला. त्यांचा दुसरा हात आपसूक छातीवर गेला. मग ते ओसरीवर आले आणि पंच्याने मला हळूच पुसलं.

"हिला फळीवर ठेव," ते म्हणाले. "उरलेली तंबाखू पाण्यात भिजव. वेलाला होईल. मला नको."

 बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग त्या हसल्या.

मित्रांनो, वस्तू धुतल्यावर तिचं पाणी न बघता फेकू नका. त्यात आपलंही काही निघतं. मी आता फळीवर आहे, लख्ख निळी आणि पुरती बेकार. खाली पाटील गाढ झोपतात, बाईंचाही डोळा लागतो. एवढ्या शांततेत मला करमत नाही, खरं सांगते. तरी एक विनंती आहे: मला पुन्हा कुणी भरू नका.