उजेडातली बाजू

बर्लिनमध्ये तपकिरी शर्टवाल्या नाझींचं राज्य येऊन दोन महिने झाले होते, तरी फोटोवाल्या टेक्लाला घमेंड आपल्या स्टुडिओतल्या दिव्याचीच. एकच दिवा, तोही बाजूने. अर्धा चेहरा लख्ख, अर्धा काळाकुट्ट. आउरिख मास्तरांचा फोटो तसा उतरला आणि टेक्लाबाईंचं भान सुटलं. सरकारविरुद्ध लिहिल्यामुळे मास्तरांवर वॉरंट निघालेलं. नव्या नावाच्या पासपोर्टसाठी त्यांनी साधा फोटो काढून घेतला आणि तिच्या हट्टापायी हा दुसरा. "हा कुणाला दाखवू नकोस हं, टेक्ला," एवढंच ते म्हणाले होते. अर्धा चेहरा तर अंधारात आहे, ओळखतंय कोण, असं म्हणत तिने तो दाराबाहेरच्या काचपेटीत लावला. शहाणपण गहाण पडतं ते असं.

आज चारला मास्तर पासपोर्टचे फोटो न्यायला येणार होते. पावणेचारला आत आला तो तपकिरी शर्टातला डेटलेफ.

"बाहेरच्या फोटोतला गृहस्थ कोण हो, बाई?"

"ड्रेस्डेनचा नट आहे."

"नट?" तो हसला. "तीन वर्षं मी वर्गात खिडकीच्या बाकावर बसायचो. मास्तरांची हीच बाजू दिसायची मला. येतात का इथे?"

टेक्ला दिव्याकडे वळली. "छे! तुमचा काढू का तसाच? चेहरा छान आहे."

डेटलेफ खुलला. "काढा की! आईला पाठवतो."

पाठ दाराकडे केली, तर गडी चाहूल लागताच वळून बघणार. म्हणून तिने त्याला दाराकडेच तोंड करून बसवलं आणि मधोमध दिवा ठेवला, थेट डोळ्यांवर.

"हलायचं नाही. पापणीसुद्धा नाही."

"अहो, मला काहीच दिसत नाहीये!"

"फोटोला तेच बरं असतं."

जिन्यावर पावलं वाजली. मास्तर दारात आले, खुर्चीत तपकिरी शर्ट दिसला, आणि ते आल्या पावली मागे फिरले. टेक्लाने श्वास सोडला.

डेटलेफच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान हलली नाही. वर्गातल्यासारखा खणखणीत आवाज काढून तो ओरडला, "नमस्कार, मास्तर!"

मास्तरांची वीस वर्षांची सवय. विचार करायच्या आत जिन्यावरून उत्तर आलं, "नमस्कार, मुलांनो. बसा."

डेटलेफ उठला.