पायाची सवय

बत्तीस वर्षं बस चालवून गाडीला एक ओरखडा नाही, म्हणून डेपोतले लोक त्यांना कासव म्हणत. तोंडावर कासवराव. आता नव्या बस आल्या होत्या आणि स्टिअरिंगवर दोन बटणं: लिमिटर आणि क्रूझ. त्यांच्या परीक्षेत नापास होणाऱ्याला डेपोच्या फाटकावर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे होते. कासवरावांना फाटकाची धास्ती होती. गाडीशिवाय ते काय करणार, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

मुलगी मास्तरीण. आठवडाभर तिने त्यांना जेवणाच्या टेबलावर घोकवलं.

"बाबा, लिमिटर म्हणजे?"

"पाय माझा, मर्यादा यंत्राची."

"आणि क्रूझ?"

"वेग मी ठरवायचा, पाय यंत्राचा. मग मी काय, गाडीतला पाहुणा?"

"बाबा!"

परीक्षेचा दिवस रविवार. परीक्षक साहेब शेजारी बसले आणि लिमिटर लावायला सांगून फोनमध्ये डोकं घालते झाले. कासवरावांनी बटण दाबलं. शाळेचा उतार आला, तसा त्यांनी नेहमीप्रमाणे पाय उचलला. बस काही हळू होईना. चुकीचं बटण दाबलं होतं. त्यांनी अलगद ब्रेक दाबला. साहेबांच्या हातातला फोनसुद्धा हलला नाही.

डेपोत साहेबांनी पेन काढलं. "लिमिटर लावला होता ना?"

हो म्हटलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. कासवरावांनी फाटकाकडे एकदा बघून घेतलं.

"नाही साहेब. क्रूझ लागलं होतं. उतारावर पाय उचलला तेव्हा कळलं."

"उतारावर पाय का उचललात?"

"शाळा आहे."

"आज रविवार आहे."

"ते मला माहीत आहे. पायाला कोण सांगणार?"

साहेबांनी लिहिलं, घडी घातली आणि कागद हातात दिला. तो उघडायचा धीर कासवरावांना घरी पोचेपर्यंत झाला नाही. शेवटी मुलीनेच वाचला.

"क्रूझ: देऊ नये. लिमिटर: गरज नाही. मार्ग: तोच."

कासवराव धपकन खुर्चीत बसले. डोळे पुसले आणि म्हणाले, "जेवायला वाढ."