माराकेश, तिसरा मजला

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली आणि अमेरिकेतल्या प्रत्येक सुट्टीत मी कुणाच्या ना कुणाच्या घरची भांडी विसळलीयत. एडिसनला गुरुनाथची मावसबहीण, डॅलसला माझे काका, शिकागोला त्याचा कॉलेजचा मित्र. गुरुनाथच्या मते जिथे आपलं माणूस नाही ते ठिकाण बघण्यासारखं नसतंच! म्हणून मी मुद्दाम माराकेश निवडलं. मोरोक्कोतल्या त्या लाल भिंतींच्या जुन्या शहरात आपलं चिटपाखरू राहत नाही. म्हणजे हॉटेलातच उतरावं लागणार, आणि सकाळी कुणीतरी मला आयता चहा आणून देणार. एवढंच हवं होतं हो मला.

दोन हजार सातच्या नोव्हेंबरातल्या, थँक्सगिव्हिंगच्या चार दिवसांच्या सुट्टीची तिकिटं काढली, बॅगा भरल्या, आणि वकिलाचा फोन आला. ग्रीन कार्डचा अर्ज आत आहे, प्रवासाची परवानगी हातात यायच्या आधी देशाबाहेर पाऊल टाकलंत तर अर्ज गेला. ही गोष्ट त्या शहाण्याला आधी सांगता आली नसती? मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

गुरुनाथला माझं रडणं बघवत नाही. तो पडला प्रोजेक्ट मॅनेजर. दाराबाहेरून म्हणाला, "रत्ना, डेट हलवायची नाही. फक्त लोकेशन बदलू."

गुरुवारी सकाळी त्याने मला बॅगेसकट हर्नडनच्या आमच्याच तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटबाहेर उभं केलं आणि बेल वाजवायला लावली. दार उघडलं तर हाच, अंगात माझा मरून बाथरोब, डोक्यावर बाथरोबचीच टोपी ओढलेली.

"वेलकम मादाम. पासपोर्ट?"

"गुरुनाथ, पुरे हं चावटपणा."

"पासपोर्टशिवाय रूम मिळणार नाही, मादाम."

पासपोर्ट त्याच्याच कपाटात होते. ते त्याने आतून आणले, माझ्या हातात दिले, माझ्या हातून परत घेतले, आणि माझा फोटो निरखून माझ्याकडे संशयाने पाहिलं.

तिथल्या जुन्या घरांची हॉटेलं करतात म्हणे, मधे अंगण आणि अंगणात कारंजं. आमच्या हॉलमध्ये सोफे भिंतीला लागले होते आणि मधोमध हवा भरलेला, लहान मुलांचा पोहायचा टब पाण्याने भरून ठेवला होता. माराकेश गरम असतं म्हणून हीटर पंच्याऐंशी फॅरनहाइटवर. स्वयंपाकघरात मला मज्जाव, कारण ते स्टाफचं. नळाच्या पाण्यालाही बंदी. "परक्या देशाचं पाणी, बाधेल तुला!" मी रोज पिते ते पाणी! मग त्याने पुदिन्याचा चहा आणून दिला. खोटं कशाला बोलू, चहा मस्त झाला होता.

दुपारी गाइड आला. गाइड म्हणजे खालच्या मजल्यावरचा नागपूरचा संजीव. तो मला जिन्यातून बाजारात घेऊन गेला, म्हणजे त्याच्या घरी. तिथे त्याने एक गालिचा पसरला. "हाताने विणला आहे मादाम, माझ्या आजोबांनी." गालिचा माझाच होता, गणपतीत मागून नेलेला. पण समोर विकणारा बसला की मला राहवतं थोडंच? मी चांगली तासभर घासाघीस केली आणि अर्ध्या किमतीत उचलला. वर येताना मलाच माझा अभिमान वाटत होता, शी!

संध्याकाळी नाइटलाइफ. माराकेशच्या मोठ्या चौकात गारुडी, कथेकरी, नाचणारे असतात, म्हणून आम्ही पार्किंग लॉटमध्ये. बाहेर कडाक्याची थंडी. संजीव बागेच्या पाइपसमोर तोंडाने पुंगी वाजवत होता. नाच म्हणून गुरुनाथला शाळेतलं लेझीमच येतं, ते तो बाथरोबमध्ये मनापासून करत होता. तेवढ्यात सोसायटीच्या ऑफिसातली बाई आली.

"काय चाललंय हे?"

"वी आर टूरिस्ट्स," गुरुनाथ अदबीने म्हणाला.

"कुठून आलात?"

"हर्नडन."

तिने मान डोलावली, किती दिवस मुक्काम आहे विचारलं, आणि एन्जॉय युअर स्टे म्हणून निघून गेली. मी हसून हसून गाडीच्या बॉनेटवर टेकले. या माणसावर माझा जीव का आहे, ते त्या क्षणी मला कळत होतं.

रविवारी आम्ही "परत आलो". गुरुनाथला जेट लॅग झाला. सोमवारी दुपारी तो ऑफिसात झोपला. आईला फोनवर म्हणाला, "माणसं फार अगत्यशील गं तिथली." मला वाटलं, मस्करी.

जानेवारीत वकिलाचा फोन आला. प्रवासाची परवानगी मिळाली! मी किंचाळत हॉलमध्ये गेले. "गुरुनाथ, सुटलो रे! बघ बघ, मार्चची तिकिटं बघ!"

"छान! कुठची?"

"कुठची काय? माराकेशची!"

त्याने लॅपटॉपवरून मान वर केली. "अगं, पण माराकेश झालं की आपलं. परत तिथेच कशाला? आता सिअॅटल करू, माझ्या मामेभावाने, परीक्षितने, तिथे नवीन घर घेतलंय."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. हसेल, आत्ता हसेल म्हणून वाट पाहिली. तो हसला नाही. मी त्याच्या मांडीवरून लॅपटॉप उचलला, तिकिटांची साइट उघडली आणि प्रवासी या रकान्यात एक टाकलं.

"एकच?" तो वाकून म्हणाला. "आणि मी?"

"तुझं झालंय ना."

त्याने स्क्रीनवरचा तो एक आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाला, "हो, तेही खरंच."

त्याला ते मनापासून पटलेलं बघून मला पुन्हा रडू फुटलं. रडत रडतच मी तिकीट काढलं.