डाव्या गुडघ्याजवळ

चूक आपली आणि शिव्या मुक्या जनावराला, ही लेकाची, मिथुनची, खोड अंजनाबाईंना कधीच खपली नव्हती. आज तर तोंड धुतल्यापासून त्याने बिजलीला हैराण केले होते. अंगणात पाच पावले चालायचे आणि थांबायचे. थांबताच कुत्रीने त्याच्या डाव्या गुडघ्याला खांदा लावून सरळ बसायचे, एवढाच धडा. बिजली बसायची, पण तोंड मालकाच्या पुढ्यात आणि ढुंगण भलतीकडे.

कुत्री वनखात्याची, मिथुन तिचा सांभाळणारा. शिकाऱ्यांनी पुरलेले मांस ती तीन हात खोलीवरून हुंगून काढी. पण उद्या चंद्रपूरला परीक्षा होती, आणि तिथे बसणेही बघत. दोनदा ती त्यातच नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली की बिनकामाची म्हणून जाणार. सून सरिता दोन दिवस धड जेवली नव्हती.

चिंचा फोडता फोडता अंजनाबाईंनी खोट हेरली. मिथुन बिस्कीट उजव्या खिशातून काढी आणि पोटावरून आडवा हात नेई. खाऊ जिकडून येतो तिकडे जनावर वळणारच. डाव्या बैलाला उजवीकडून ढेप दाखवली की तो जू सोडून आडवा होतो, हे तर गावातले शेंबडे पोरही सांगेल. त्यांनी तसे सांगितले. मिथुन म्हणाला, आपण आठ महिने ट्रेनिंग करून आलो आहोत, दुसरीत शाळा सोडलेल्यांनी शिकवू नये.

अंजनाबाईंना ते झोंबले. त्या उठल्या. खाट भिंतीसारखी आडवी उभी केली, खाट आणि आपले लुगडे यांच्यामध्ये बिजलीला घेतले आणि डाव्या हातात बिस्कीट धरून चालल्या. थांबल्या. बिजली सुतासारखी सरळ बसली. एकदा नाही, सहा वेळा. सरिता दारातून हसली, तसा मिथुन आणखीच पेटला. त्याने पट्टा हिसकून घेतला, पुन्हा उजवा खिसा, पुन्हा आडवा हात. बिजलीने अंग वळवून खाटच पाडली.

"बेअक्कल," तो ओरडला. तिने कान पाडले.

आता अंजनाबाईंनी त्याचा डावा हातच पकडला, त्यात बिस्कीट कोंबले, वरून बोटे मिटली आणि चाल म्हटले. पाच पावले. बिजली सरळ बसली. बिस्कीट मात्र मिथुनच्या बोटांतून मातीत पडले. मुद्दाम टाकले असे समजून त्यांनी दुसरे दिले. तेही पडले. बिजलीने दोन्हींकडे पाहिले, मग मिथुनकडे. हुकूम नव्हता, म्हणून ती हलली नाही.

मिथुनने हात पाठीमागे नेला. तीन महिन्यांपूर्वी धानोऱ्याच्या रस्त्यावर गाडीवरून पडलो तेव्हापासून या हाताची बोटे मिटत नाहीत, तो पुटपुटला. दवाखान्यात दाखवले तर साहेबांना कळेल, आणि बिजली दुसऱ्याच्या हाती जाईल.

सरिताचे हसू विरले.  अंजनाबाई खाट सरळ करून तिच्यावर बसल्या.

"तीन महिने तिले गाली देऊन राह्यला तू," त्या म्हणाल्या. "तिचं काई चुकत नाई. उद्या सायबापुढं पयले आपला हात दाखव, मंग तिले बसव. दुसऱ्याकडं गेली तं जाऊ दे. पन बेअक्कल म्हनून नाई जानार माह्या घरून."