जिवंत राहिलेल्या पेशी

मंगळवारी सकाळी सव्वानऊला सालकिनने सूक्ष्मदर्शकाखाली काचेची नळी धरली. आतल्या सगळ्या पेशी जिवंत होत्या. त्या मरायला हव्या होत्या.

बिश्केकच्या या प्रयोगशाळेत उंदराच्या पेशी वाढवत. उंदराला पोलिओ होत नाही. त्या विषाणूला आत शिरायला माणसाच्या पेशीवरचं दार लागतं. ते दार सालकिनने स्वतः उंदराच्या पेशींवर बसवलं होतं. नमुन्यात पोलिओ असला की पेशी मरणार, नसला तर जगणार. खात्रीसाठी एका नळीत दरवेळी लसीतला पोलिओ घालायचा. ती मेली तरच बाकीच्यांवर विश्वास. आज तीच ठणठणीत होती.

शेजारच्या नळीत बातकेनकडच्या एका मुलीचा नमुना होता. तिचा पाय अचानक लुळा पडला होता. त्या नळीतही सगळं आलबेल.

"म्हणजे पोलिओ नाही," प्रमुख एरमेक दारातूनच म्हणाले. "तिथल्या डॉक्टरांना कळवून टाक. तिचं गाव आज मेंढरं घेऊन जाइलोवर, डोंगरावरच्या उन्हाळी कुरणांकडे, निघतंय. एकदा कुरणांत पांगले की शरदापर्यंत सापडायचे नाहीत."

"नाही कळवणार, बाइके," थोरल्या भावाला म्हणावं तसं सालकिन म्हणाली. "या पेशी बिघडल्यात."

"तुझ्या पेशी? आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं."

सालकिन शिकाऊ बेरमेतकडे वळली. पुतण्याच्या लग्नाला सालकिन नारिनला गेली, तेव्हा पेशी या पोरीच्या हवाली होत्या.

"औषध घालत होतीस ना त्यांना?"

"एजे," बेरमेतने ताईसारखी हाक घातली. "त्या अगदी मलूल दिसत होत्या. औषध बंद केलं, तर बघा ना कशा तरारल्या!"

"तरारणारच. औषध सोसायची ताकद त्यांना दाराबरोबरच दिलीय. दार टाकलं की औषध मारतं, म्हणून त्या ते सांभाळतात. तू धाक काढलास. मग दाराचं परकं ओझं कोण वाहील?"

"माझी आजी म्हणते, लाडावलेलं कोकरू..."

"आजीला राहू दे. जुन्या पेशींच्या गोठवलेल्या कुप्या काढ. या सगळ्या फेकायच्या."

"नव्या वाढायला आठवडा जाईल," एरमेक म्हणाले. "तोवर गाव ओस पडेल."

"म्हणून आत्ताच फोन करा. आजच पोरांना लस पाजू दे."

"निकाल नसताना? सांगू काय?"

"सांगा, सालकिनला ठाऊक नाही. तेवढं पुरे आहे."

"आणि पोलिओ नसलाच तर?"

"दोन थेंबांनी कुणाचं काय बिघडतंय? शिव्या मी खाईन."

एरमेकनी फोन उचलला. दुपारी तिथल्या डॉक्टरांनी खिंडीच्या तोंडाशीच लसीची पेटी मांडली आणि वाटेवर दिसेल त्या पोराला थेंब पाजले. तीन घरं मात्र आदल्या दिवशीच वर गेली होती.

पुढच्या आठवड्यात मुलीचा उरलेला नमुना नव्या पेशींवर घातला. लसीची नळी ठरल्या वेळी मेली. मुलीच्या नळीत शुक्रवारी दुपारपर्यंत बहुतेक पेशी काचेला चिकटून होत्या. कडेच्या काही गोल झाल्या होत्या; मरू घातलेल्या पेशी आधी अशाच गोल होतात. त्या तीन घरांच्या मागावर लस घेऊन गेलेला घोडेस्वार अजून परतलेला नाही.